पाठमोरी खुर्ची

लिफ्टवाल्याचं म्हणणं असं, की जो माणूस आठवडाभर वर-खाली करतो त्याला रविवारी तरी आडवं जाता आलं पाहिजे. इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. मुली लहान असताना त्यानं केबिनची एक मोटारबोट घेतली ती एवढ्याच कारणासाठी, असं तो सांगे. बोटीला घरात सगळे ‘छोटी’ म्हणत. बायकोचं गाद्या आणि पडदे शिवायचं दुकान होतं, त्यामुळे छोटीच्या आतलं सगळं तिच्या हातचं: पुढच्या टोकातली तिकोनी गादी, टेबलाभोवतीची बाकं, खिडक्यांचे टीचभर पडदे.

मुली वाढल्या, बोट वाढली नाही. थोरली बापाच्या डोक्याला डोकं लावून केव्हाच पुढे गेली आणि धाकटीनंही कंबर कसली. तिकोनी गादीवर दोघी झोपल्या की एकीला कूस बदलायची तर दुसरीला उठवावं लागे. त्या उन्हाळ्यात सरोवरावर दोन रात्री काढून परत येताना थोरलीनं केबिनच्या छताला डोकं इतकं जोरात आपटलं, की ती कपाळ धरून म्हणाली, पुढच्या वेळी मी डोकं घरी ठेवून येणार आहे. फारसा फरक पडणार नाही, असं धाकटी म्हणाली. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं पाण्याकडे बघितलं, आणि छोटी विकून मोठी बोट घ्यायची हे न बोलताच ठरलं.

छोटीच्या खिडकीत ‘विकणे आहे’ची पाटी लागली. बघायला माणसं आली, पण घेणारं कुणी दिसेना. एकानं बोटीवर दोन-तीनदा उड्या मारून पाहिल्या आणि ‘हलते फार’ असं म्हणून तो उतरला. एक जोडपं केबिनमध्ये शिरलं, आत काय बोलणं झालं कोण जाणे, बाहेर आलं ते वेगवेगळ्या दिशांना निघून गेलं. तोवर मोठी बोट शोधायचं काम चालूच होतं, आणि बोटींच्या दलालानं सरोवराच्या पलीकडच्या धक्क्यावर बांधलेली एक बोट दाखवली.

बोट छान होती. झोपायला दोन वेगळ्या खोल्या, उभं राहून स्वयंपाक करता येईल असा कोपरा, थोरलीचं डोकं छताच्या वीतभर खाली. लिफ्टवाल्यानं इंजिनावरची झाकणं उचलली आणि कमरेपर्यंत आत गेला. त्यानंतर बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. बायको सवयीप्रमाणे गाद्या दाबत दाबत सुकाणूच्या चाकापाशी आली आणि तिथंच थांबली.

बोट चालवणाऱ्याच्या खुर्चीला पाठ लावून तिथं दुसरी एक खुर्ची होती. तोंड मागच्या बाजूला. तिला पाय टेकायला दांडी होती, उजवीकडे धरायला गुळगुळीत झालेली मूठ होती. बायकोनं गादी काढून उलटी केली. खालच्या फळीवर पिनांच्या भोकांच्या जुन्या रांगा होत्या, म्हणजे कापड अनेकदा बदललेलं. शेजारी चालकाच्या गादीवर मात्र पहिलंच कापड. आतला फोम एका बाजूला बसला होता. इथं बसणारं माणूस वजनानं हलकं होतं, वर्षानुवर्षं बसलं होतं, आणि बसताना एका बाजूला कलत होतं, जसं पाठीमागच्या माणसाच्या कानाशी बोलायचं असावं तसं. गादी इतकं बोलली. कोण आणि कशासाठी, ते काही बोलली नाही.

तिनं दलालाला विचारलं.

“वहिनी, पाय मोकळे करायला असेल,” दलाल म्हणाला. “नको असेल तर काढून देतो. चार बोल्ट आहेत.”

“काढू नका,” ती म्हणाली. “मालक कोण आहेत?”

दलालाचा चेहरा लगेच बारीक झाला. घेणारा आणि विकणारा एकमेकांना भेटले की दलाल मधल्या मध्ये उपाशी राहतो, ही त्याची जुनी भीती. मालक फार कामात असतात, एवढंच तो बोलला.

त्या दिवशी जेवताना घरात दुसरा विषय नव्हता. लिफ्टवाल्याच्या मते कुणाला तरी मासे पकडायचा नाद असणार. मग गळाची काठी खोचायला जागा कुठं होती, असं बायकोनं विचारलं. धाकटीला ही चोरटा माल नेणाऱ्यांची बोट वाटली. एकानं चालवायची, एकानं पाठलागावर लक्ष ठेवायचं. थोरली म्हणाली, सोपं आहे, नवरा-बायको असणार, भांडण झालं की पाठ फिरवून बसायची सोय करून घेतलीय. मग आपल्यालाही लागेल, असं बाप म्हणाला आणि ताटाकडे बघत राहिला.

इंजिन चांगलं आहे, बोटीचा तळ कोरडा आहे, घेऊन टाकू, असं त्याचं मत पडलं. बायकोलाही बोट आवडली होती. पण कोणताही जुना सोफासेट दुकानात आला की तो फाडण्याआधी तो कसा वापरला गेला हे तिला समजून घ्यायचं असे, नाहीतर नवा बरोबर बसत नाही असा तिचा अनुभव. शिवाय खरं सांगायचं तर तिला राहवत नव्हतं. पुढच्या काही दिवसांत ती शिलाई मारता मारता मध्येच मशीन थांबवून भिंतीकडे बघत बसे, आणि दुकानातल्या मदतनीस बाई विचारत, काय हो, दोरा तुटला का?

मग दलालाचाच फोन आला. बोलायला त्याला जड जात होतं. मोठ्या बोटीच्या मालकीणबाईंना छोटी बोट हवी होती, आणि त्यांनी छोटीची पाटी वाचली होती. आता दोघांची गाठ घालून देण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. दलाली दोन्हीकडून मिळेल, असं लिफ्टवाल्यानं सांगितल्यावर त्याचा आवाज जरा खुलला.

शनिवारी सकाळी मालकीणबाई छोटी बघायला आल्या. साठीच्या आसपासच्या, काटकुळ्या, डोक्याला उन्हाची टोपी, पायात बोटीवर घालायचे जुने बूट. त्यांनी इंजिन बघितलं नाही, तळ बघितला नाही. सरळ चाकापाशी गेल्या, खुर्चीत बसल्या, आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. समोर धक्क्याची भिंत आणि एक कचऱ्याचा डबा, एवढंच होतं. तरी त्या बराच वेळ बघत होत्या.

बायकोनं चहा दिला आणि कप त्यांच्या हातात टेकतो न टेकतो तोच विचारलं, “ताई, त्या बोटीवरच्या पाठमोऱ्या खुर्चीत कोण बसायचं?”

“मी,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांचं किल्ल्या करायचं दुकान होतं. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. सुट्टी मिळाली की बोट. भावाला तरुणपणापासून मणक्याचा आजार. मान आणि पाठ एकाच लाकडाची असल्यासारखी. मागे बघायचं तर पावलांपासून अख्खं वळावं लागे. चाकावर बसून ते कसं करणार? म्हणून त्यानं बहिणीसाठी ती खुर्ची बसवून घेतली. पुढचं तो बघे, मागचं ती बघे. मागून कोणती बोट येतेय, किती जवळ आली, ढग कुठवर आले, दोर पाण्यात तर पडला नाही ना, हे सगळं ती त्याच्या कानाशी सांगत राही. सबंध सरोवराला त्यांनी असे कितीतरी वळसे घातले, नेहमी एकाच बाजूनं, गेल्या वाटेनं कधी परत न येता.

“आणि आता ते?” बायकोनं जपून विचारलं. वाईट बातमी ऐकायची तिनं तयारी ठेवली होती.

“आता त्याचं लग्न झालंय,” बाई म्हणाल्या. “आता त्याच्या मागचं बायको बघते.”

वहिनी मूळची दुकानातलं गिऱ्हाईक. दर महिन्याला तिची किल्ली हरवायची. “तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच मला कळायला हवं होतं,” बाई म्हणाल्या, “की किल्ली काही हरवत नाहीये.” वहिनीला पाण्याची भयंकर भीती. भावानं बोट बहिणीच्या नावावर केली आणि तो कायमचा जमिनीवर उतरला. मोठी बोट एकटीला झेपणारी नव्हती. आणि बाईंना चालवायला येतच नव्हती. चाकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

“मग घेताय कशाला?” हे लिफ्टवाल्याच्या तोंडून निघून गेलं. बायकोनं त्याच्याकडे बघितलं तोवर उशीर झाला होता.

बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, “मला पुढचं बघायचंय.”

सगळे छोटीत बसले आणि लिफ्टवाल्यानं दोर सोडला. धक्क्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात गेल्यावर त्यानं चाक बाईंच्या हातात दिलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला, हात वेगाच्या दांड्यापासून फार लांब नाहीत असे. बाईंनी चाक इतकं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती. छोटी नवशिक्याच्या हातात जाते तशीच गेली, नागमोडी. पहिलं बेट आलं, मागे पडलं. दुसऱ्या बेटाच्या पुढे ही मंडळी कधी गेलीच नव्हती, कारण पुढे पाण्याखाली खडक आहेत अशी बोलवा होती. तिथं लिफ्टवाल्यानं विचारलं की आता कसं जायचं.

 बाईंनी इंजिन मंद केलं. समोर दोन टेकड्या, मध्ये पाण्याची वाट, एका बाजूला उभा कडा.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “हे मी कधी बघितलंच नाहीये.”

बायकोला वाटलं, बाई गडबडल्या. इतक्या वर्षांत इथून किती वेळा गेल्या असतील. तेवढ्यात बाई खुर्चीतून उठल्या, लिफ्टवाल्याला म्हणाल्या धरा जरा, आणि मागच्या बाजूला तोंड करून तिथल्या बर्फाच्या पेटीवर बसल्या. बोट हळूहळू पुढे सरकत होती. काही क्षण गेले. मग त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

“तो कुबड्या खडक उजवीकडे गेला ना? आता डावीकडे घ्या. अजून. ते वाकडं झाड टेकडीआड जाईपर्यंत घेत राहा. गेलं? आता सरळ. आता खोल पाणी आहे, बिनघोर जा.”

आणि खरोखरच बोट खडकांच्या मधून सुईत दोरा जावा तशी गेली. समोर बघत चाक धरलेल्या लिफ्टवाल्याला पुढचं काही कळत नव्हतं. मागे बघत बसलेल्या बाईंना एकेक गोष्ट मागे पडली की ओळख पटत होती. मुली आ वासून बघत होत्या. धाकटीनंही तोंड मागे फिरवलं आणि पाहिलं, तर तिला फक्त टेकड्या लांब जाताना दिसल्या.

“मावशी, तुम्हाला तर सगळं येतं,” धाकटी म्हणाली. “अशाच बसून सांगत जा ना.”

“हे येतं गं,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच हे नको.” आणि त्या उठून पुन्हा चाकापाशी आल्या. तिथून थोडं पुढे आणि मग परत, दोन्ही वेळेला त्यांनीच चालवली. पुढे जाताना त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, “असा दिसतो होय हा,” “अरे, हे झाड इकडून हिरवं आहे की.” धक्क्याला लावताना छोटीला एक ओरखडा पडला. लिफ्टवाला म्हणाला, असू द्या, आता तुमचीच आहे.

बोटी बदलायचा दिवस ठरला. अंथरुणं, भांडी, गळाच्या काठ्या, मुलींची पुस्तकं छोटीतून निघाली आणि मोठीत गेली. मोठीतून बाईंच्या दोन पिशव्या निघाल्या. दलाल मध्ये उभा राहून दोन्हीकडे हसत होता. सामान हलवून होतंय तोच धक्क्यावर एक गृहस्थ आले. ताठ चालणं, जणू डोक्यावर पाण्याचा ग्लास ठेवलाय. त्यांच्याबरोबरच्या बाई मात्र पाण्यापासून चांगल्या लांब, पायऱ्यांच्या वर थांबल्या. किल्लीवाले भाऊ आले हे सांगायला कुणी लागलं नाही.

त्यांनी मोठ्या बोटीकडे बघितलं, मग पावलं वळवून छोटीकडे बघितलं. छोटीच्या चाकापाशी बहीण बसली होती.

“चिमे,” ते म्हणाले, “हिच्यात मागे कोण बसणार?”

“कुणी नाही दादा. माझी मान वळते.”

 लिफ्टवाल्यानं एक दोर उगाचच सोडून पुन्हा बांधला. भाऊ हसतील की दुखावतील, हे बायकोला त्यांच्या पाठीवरून कळेना, कारण ती पाठ काहीच सांगत नव्हती. मग ते धक्क्याच्या कडेला आले आणि हळू आवाजात म्हणाले, “तुला आधी सांगायला हवं होतं. लग्नाचं.”

“हो,” बाई म्हणाल्या. “लग्न केलंस त्याचं काही नाही. दुपारी जेवायला म्हणून गेलास आणि लग्न करून आलास. मी डबा उघडून बसले होते.”

“तू काय म्हणशील कळेना.”

“विचारायचंस. मी तर पाठीलाच होते.”

भावानं मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही.  मग ते म्हणाले, की आणखी एक गोष्ट त्यांनी तिला कधी सांगितली नव्हती. तिसऱ्या बेटाच्या पुढे डाव्या हाताला एक फाटा आत जातो. जाताना समोरून दिसतो. पुढे गेलं की बेट आड येतं, त्यामुळे मागे बघणाऱ्याला तो दिसतच नाही. दरवेळी त्यांना तो दिसायचा आणि दरवेळी ते सरळ पुढे जायचे.

“आत का नाही गेलास?” बाईंनी विचारलं.

“अरुंद आहे. आत वळायला जागा नसली तर रिव्हर्समध्ये बाहेर यावं लागणार. तुझ्या एकटीच्या सांगण्यावर तेवढं सगळं…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “घाबरलो म्हण.”

“आत काय आहे?”

“मला काय माहीत,” भाऊ म्हणाले, आणि तेव्हा पहिल्यांदा दोघंही हसले. पायऱ्यांवरच्या वहिनींनी वरूनच विचारलं, काय झालं हो? त्यांना कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या, पाण्याकडे बघितलं आणि तिथंच थांबल्या. बाईंनी त्यांना हात केला. वहिनींनीही केला, पिशवी सावरत.

पुढचे काही रविवार लिफ्टवाल्यानं बाईंना शिकवण्यात घातले: धक्क्याला लावणं, नांगर टाकणं, रिव्हर्समध्ये नेणं. स्वतः मोठी बोट शिकायला त्याला शिकवणारं कुणी नव्हतं. छोटीच्या सवयीनं तो वळण घ्यायचा आणि मोठीचा मागचा भाग भलतीकडेच निघून जायचा. थोरली तिच्या खोलीत हातपाय पसरून झोपायची आणि धक्का बसला की नुसतं ओरडायची, “बाबा, हा धक्का होता की बेट?”

मग एका सकाळी दोन्ही बोटी निघाल्या. छोटी पुढे, बाई एकट्या चाकावर. मोठी मागे. दुसऱ्या बेटाच्या पुढे कुबड्या खडकापाशी बाईंनी एकदा मागे वळून खात्री करून घेतली आणि मग बिनदिक्कत डावीकडे घेतली. तिसरं बेट आलं. डाव्या हाताला खरंच एक फाटा होता, दोन्ही बाजूंना उंच लव्हाळी, रुंदी जेमतेम. मोठी बोट त्यात जाणं शक्य नव्हतं, हे लिफ्टवाल्यालाही कळलं. त्यानं तोंडाशी नांगर टाकला. बायको आणि मुली छोटीवर उतरल्या. नवी बोट सोडून जायचा त्याला धीर होईना, तो एकटा रेलिंगला टेकून बघत राहिला.

छोटी आत शिरली. लव्हाळी दोन्हीकडून घासत होती. बाईंनी वेग इतका कमी केला होता, की पाण्यावरचे किडे बोटीच्या पुढे जात होते. एक पांढरा पक्षी उडाला, थोडं पुढे जाऊन बसला, बोट जवळ आली की पुन्हा उडाला. बायको पुढच्या टोकावर पोटावर झोपून पाण्यात बघत होती आणि तळ दिसला की हात वर करत होती. आत काय असेल यावर मुलींचं हळू आवाजात भांडण चाललं होतं. धाकटीला बुडलेली बोट हवी होती. थोरली म्हणत होती, काही नसणार, चिखल असणार.  बाईंची मान सारसासारखी पुढे काढलेली होती.

वळण आलं. मग दुसरं. आणि लव्हाळी एकदम संपली.

एक लहानसं गोल तळं होतं. काठाला विटांची पडकी पंपखोली, तिच्या छपरातून एक झाड बाहेर आलेलं. आणि पंपखोलीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. शेजारी सायकल, सायकलला डबा. त्यानं चष्मा वर करून बोटीकडे बघितलं.

“इकडून कशा आलात?” त्यानं विचारलं. त्याला खरोखरच नवल वाटलं होतं.

“पाण्यातून,” बाई म्हणाल्या.

“एवढा त्रास कशाला? मागे पक्का रस्ता आहे की. मी रोज येतो.”

थोरलीला हसू आवरेना, धाकटीचा चेहरा पडला. बायकोनं चोरून बाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं न दिसलेली जागा, आणि तिथं सायकलवाला म्हातारा रोज डबा खातोय. बाईंना वाईट वाटलं असेल, असं तिच्या मनात आलं. पण बाईंनी इंजिन बंद केलं होतं, टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि पंपखोलीच्या पलीकडे, झाडांमधून जाणाऱ्या त्या रस्त्याकडे त्या लक्ष देऊन बघत होत्या.

“बरं, आणि तो रस्ता पुढे कुठं जातो?” त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं गळ काठावर ठेवला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली, आणि सविस्तर सांगायला सुरुवात केली.